रेघांचे मिस्त्री

मी आयुष्यात पुष्कळ धुतलं. लग्नाआधी बापाची मेंढरं धुतली, कारण लोकर कातरायच्या आधी मेंढरू धुवावं लागतं. लग्नानंतर धुणी धुतली, भांडी घासली, तीन पोरं वाढवताना त्यांची लंगोटं धुतली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं. पण इंजिन धुवायला पगार मिळतो असं मला कोणी सांगितलं असतं तर ऊन लागलंय समजून मी त्याला आधी पाणी पाजलं असतं.

तो पगार मला मिस्त्रींनी दिला. अकरा वर्षं दिला. त्यांचं नाव लिहीत नाही. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, त्यांची बीबीसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. त्यांनीही माझं नाव कधी घेतलं नाही. मी त्यांची बाई होते, आणि फार राग आला की बाईसाब.

दुकान हर्सूलला, फुलंब्रीच्या रस्त्यापासून आत एका गल्लीत होतं. पत्र्याचं शेड, पुढं उघडलेल्या गाड्या आणि एक कडुनिंब, मागं पाण्याची टाकी. गल्लीत सगळे गाड्यांचेच कारागीर. कोणी पंक्चर काढायचं, कोणी क्लच बदलायचं, कोणी पत्रा ठोकायचं. मिस्त्री फक्त इंजिनात नव्या रिंगा घालायचे. गाडीचा हॉर्न वाजत नसेल तर ते हात लावायचे नाहीत. "हे माझं नाय. पुढं जा," म्हणायचे. एकदा त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचा दिवा गेला तर तीसुद्धा ढकलत शेजारी नेली.

मी तेव्हा समोरच्या खानावळीत भांडी घासायची. आम्ही मूळचे पाचोडकडचे. नवऱ्याचा पाय मोडला, मेंढरं विकली आणि शहरात आलो. मिस्त्री दुपारी खानावळीत जेवायला यायचे. जेवायच्या आधी रिकाम्या पेल्यात बोट घालून आतून फिरवायचे आणि बोट उजेडात धरून बघायचे. मला त्याचा राग यायचा. एक दिवस ते पेला हातात घेऊन थेट मागच्या मोरीवर आले.

"हा कुणी धुतला?"

"मी. का? काय खोट निघाली?"

"खोट नाय. तेच तर विचारतोय. रोज तूच धुतीस?"

"नाहीतर काय मालक धुतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि लोखंडाच्या एका भल्या मोठ्या ठोकळ्यापुढं उभं केलं. त्याला चार गोल भोकं होती, माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. म्हणाले, "हे आतून धुवायचं. गरम पाणी, साबण, ब्रश. पेल्यासारखं."

मला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. तेव्हा ते म्हातारे नव्हते, साठीच्या आतच होते, पण मला तसे वाटले.

आता त्या कामाचं सांगते, कारण त्याशिवाय मिस्त्री कळायचे नाहीत. त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात आणि भोकाला बोअर. बोअरमध्ये पिस्टन वरखाली पळतो. पिस्टनच्या अंगावर रिंगा असतात, बांगड्यांसारख्या, पण एका जागी कापलेल्या. रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल खातं आणि मागून निळा धूर सोडतं. मग नव्या रिंगा घालायच्या. हे सगळेच करतात. पण मिस्त्री म्हणायचे, रिंग घालायला अर्धा तास, भिंत तयार करायला अख्खा दिवस. पिस्टन वर्षानुवर्षं घासून बोअरची भिंत काचेसारखी चमकते. त्या चमकेवर नवी रिंग बसत नाही, नुसती घसरते. म्हणून ड्रिलला तीन दगड लावून ती भिंत हलकेच घासायची, ड्रिल फिरतं ठेवून हात वरखाली चालवायचा. बरोबर झालं तर भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पडतात, एकमेकींना कापणाऱ्या, बाजेच्या सुतळीच्या विणीसारख्या. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि रिंग आपली जागा करून घेते.

एखादं गिऱ्हाईक बोअरमध्ये डोकावून म्हणायचं, "मिस्त्री, आतून कसं चकाचक आहे. राहू द्या की तसंच." मिस्त्री ड्रिल खाली ठेवायचे. "चमक म्हंजे रोग हाय त्याचा. तोंड बघायचं तर न्हाव्याकडं जा."

घासून झालं की दगडाची आणि लोखंडाची बारीक भुकटी भिंतीला चिकटलेली असते. गल्लीतले बाकीचे डिझेलचा बोळा फिरवायचे आणि झालं म्हणायचे. मिस्त्रींचं म्हणणं, डिझेलनं भुकटी जात नाही, रेघेत जाऊन झोपते आणि इंजिन सुरू झालं की उठून नव्या रिंगा खाते. ती फक्त साबणपाण्यानं निघते. म्हणून मी. धुतल्यावर लगेच पुसून ऑइल लावायचं, कारण ओलं लोखंड बघता बघता तांबडं होतं. मग ऑइलमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं आत फिरवायचं. फडकं करडं निघालं की पुन्हा धुवायचं. पहिल्या ब्लॉकला मी पाच वेळा धुतलं. पाचव्यांदा फडकं पांढरं निघालं तेव्हा मिस्त्रींनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "हां. माणसं धुवायला शिकत नाय, बाई. त्येंला वाटतं पाणी लावलं की धुतलं."

फडकी त्यांच्या जुन्या कुर्त्यांची असायची. रंगीत फडकं खोटं बोलतं, असं त्यांचं मत. जुने कुर्ते संपले की चांगले जुने व्हायचे. ईदला शिवलेला कुर्ता पावसाळ्यापर्यंत टिकायचा नाही. त्यांची बीबी एकदा दुकानात येऊन मलाच म्हणाली, "बाई, तुम थोडा कम धोव ना! मेरे मिस्त्री उघडे फिरेंगे एक दिन." मी म्हणाले, "मी कमी धुतलं तर फडकी जास्त लागतील, आपा." ती कपाळावर हात मारून गेली.

गल्लीत आमची टिंगल व्हायची. शेजारचा क्लचवाला ओरडायचा, "मिस्त्री, आज न्हाणं झालं का पोरीचं? हळद कधी लावता?" मिस्त्री उत्तर द्यायचे नाहीत. मी द्यायची.

त्यांना काम करताना बोललेलं चालायचं नाही. हात श्वासावर चालवायचे. हात फार हळू चालला तर रेघा आडव्या पडतात, फार जलद चालला तर उभ्या, आणि दोन्ही वाया. ते तोंडानं काही मोजायचे नाहीत, नाकानं आवाज करायचे, झोपलेल्या बैलासारखा. तो आवाज सुरू असेपर्यंत दुकानात शिंकायचीसुद्धा चोरी.

एकदा ड्रिल चालू असताना गल्लीतून वरात निघाली. घोडा, बँड, ढोल, पुढं नाचणारी पोरं. मिस्त्रींनी मध्येच ड्रिल काढलं, बोअरमध्ये बघितलं आणि तसेच काळ्या हातांनी बाहेर जाऊन बँडवाल्यापुढं उभे राहिले.

"भाई, दो मिनिट बंद कर."

"मिस्त्री, वरात हाय. मयत नाय."

"माझा हात तुझ्या ढोलावर चालायला लागला. सगळ्या रेघा उभ्या गेल्या. बंद कर."

पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला बाजूला करा. तेवढ्यात घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून ओरडला, "ए, थांबवा रे! बापाचा ट्रॅक्टर मिस्त्रीकडंच हाय!" वरात थांबली. दोन मिनिटं म्हणाले होते, चांगली दहा लागली. घोडं कडुनिंबाचा पाला खात उभं राहिलं. मग आतून आवाज आला, "हां, बजाव!" आणि बँड पुन्हा सुरू झाला. मिस्त्रींना यात काही विचित्र वाटलं नाही. उलट संध्याकाळी मला म्हणाले, "समजदार पोरगं हाय. संसार करील."

नव्या रिंगांबद्दल बोलताना ते नेहमी सुनेचा दाखला द्यायचे. म्हणायचे, "नवी सून आणली तर भिंतीला धरायला कायतरी पाहिजे ना तिला? गुळगुळीत घरात सून टिकत नाय."

मी म्हणाले, "सून टिकायला भिंत नाही लागत, मिस्त्री. सासूनं तोंड आवरलं तरी पुरतं."

ते इतके हसले की खोकल्यानं वाकले. नंतर बरेच दिवस गिऱ्हाईकांना ते माझंच वाक्य स्वतःचं म्हणून सांगत होते.

नवं इंजिन बांधून झालं की पहिली फेरी ते स्वतः मारायचे. रिकामी गाडी नुसती चालू ठेवून रिंगा बसत नाहीत, त्यांना भार लागतो, असं ते म्हणायचे. म्हणून खुलताबादचा घाट. आणि घाटात गाडी भरलेली पाहिजे. जीपवाल्याकडं पॅसेंजर नसले तर मिस्त्री नाक्यावर उभे राहून ओरडायचे, "खुलताबाद फुकट! खुलताबाद फुकट!" भाजीवाल्या बाया, शाळेतली पोरं, मजूर, जो येईल तो आत. एकदा मला नेलं. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. घाट चढून वर पोचलो, लोक उतरले, कोणी दर्ग्याकडं वळलं, कोणी देवळाकडं. मिस्त्री गाडीच्या मागं गेले, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. कोरडी काजळी होती, ऑइल नव्हतं. "बसली," म्हणाले. मग दर्ग्यात गेले.

माणूस चांगला होता, पण सोबत करायला सोपा नव्हता. चूक झाली की तीन दिवस बोलायचे नाहीत, आणि चूक कोणती तेही सांगायचे नाहीत. स्तुती करायची झाली तर "हां" म्हणायचे. माझा नवरा वारला तेव्हा घरी आले, दारात उभे राहिले, म्हणाले, "परवा ये. घरात बसू नकू." एवढंच. मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्या दिवशी धुवायला काही नव्हतं, तरी त्यांनी एक धुतलेला ब्लॉक पुन्हा धुवायला दिला.

सात-आठ वर्षांनी त्यांनी नवीन खोड काढली. बोअर घासून झाला की मला हाक मारायचे. "बाई, इकडं ये. सांग, रेघा कशा हायेत?"

आधी मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. मी नीट वाकून बघायची, सांगायची. इथं आडव्या आहेत, वरच्या काठाला कमी आहेत. ते म्हणायचे, "हां," आणि पुन्हा ड्रिल घालायचे. मला वाटायचं, मला शिकवतायत. पण रोज, प्रत्येक बोअरला, चार-चार वेळा विचारायला लागले तेव्हा त्याचा कंटाळा आला. स्वतःला दिसतंय ना, मग माझी परीक्षा कशाला?

एकदा ते नवी रिंग बोअरमध्ये बसवून बघत होते. रिंगेखाली दिवा धरायचा आणि वरून बघायचं. रिंग आणि भिंतीमधून उजेड झिरपला तर रिंग नीट टेकत नाही. मिस्त्रींनी वरून बघितलं आणि म्हणाले, "उजेड नाय. चांगली बसली."

मी म्हणाले, "मिस्त्री, दिवा लागलेलाच नाही. वायर निघालीय."

त्यांनी वायर चाचपून खोचली. मग म्हणाले, "ठावं हाय. तू बघतीस का नाय, ते बघत होतो."

मी विश्वास ठेवला. परीक्षा घेण्याचा त्यांचा स्वभावच होता. त्या दिवसापासून मी जास्तच चिडले, आणि नंतर जे झालं ते त्या चिडण्यातून झालं.

भानुदास नावाचा जीपवाला होता. फुलंब्री ते शहर काळीपिवळी चालवायचा. एकच जीप, तिच्यावर सहा माणसांचं घर. त्याचं इंजिन आमच्याकडं आलं. मिस्त्रींनी चारही बोअर घासले. प्रत्येकाला हाक मारली. पहिला, दुसरा मी बघितला. तिसऱ्याच्या वेळी माझे हात दुसऱ्या ब्लॉकच्या साबणात होते. मी उठून गेले, वाकले, बघितलं. रेघा नव्हत्या. ड्रिलचे दगड ऑइलनं भरून गुळगुळीत झाले होते, त्यांनी भिंत कापलीच नव्हती, उलट आणखी चमकवली होती. मला माझे दात दिसत होते आत.

"कशा हायेत?" मिस्त्रींनी विचारलं.

मी म्हणाले, "चांगल्या."

मला वाटलं, यांना दिसतंय, आणि मी काय म्हणते ते बघतायत. बघू, किती वेळ ताणतात. आता स्वतःच म्हणतील, डोळे फुटले का बाईसाब तुझे. पण ते म्हणाले, "हां," आणि दुसरे दगड लावून चौथ्याकडं वळले. मग वाटलं, असेल काहीतरी, मिस्त्री मी आहे का ते आहेत? मी ब्लॉक धुतला. फडकं पांढरं निघालं. इंजिन बांधलं, भानुदास घेऊन गेला.

पंधरा दिवसांत तो परत आला. जीप गल्लीत शिरली तीच निळ्या धुरात. आधी धूर आला, मग जीप.

"मिस्त्री, रोज ऑइल पिते ही! पॅसेंजर बसंना झालेत. लोक नाकाला पदर लावून दुसऱ्या गाडीत बसत्यात. काय करू, सांगा?"

गल्ली जमली. क्लचवाला पुढं होता. म्हणाला, "मी सांगत नव्हतो? लोखंडाला कुणी साबण लावतं का? पाणी राहिलं आत, गंज चढला. बाईच्या हातून इंजिन धुवून घेतल्यावर दुसरं काय होनार?"

दुसरा म्हणाला, "भांडेवाली हाय ती. तिला काय कळतं?"

भानुदास माझ्याकडं बघायला लागला. सगळेच बघायला लागले. गंजाची गोष्ट खोटी होती, पण चूक माझ्याकडं होती हेही मला माहीत होतं. फक्त ती चूक धुण्यातली नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "खोला."

इंजिन तिथंच, सगळ्यांसमोर उघडलं. दुपार गेली त्यात. कोणी हललं नाही. पिस्टन बाहेर आले. मिस्त्रींनी एकेका बोअरमध्ये हात घातला, बोटं फिरवली. त्यांच्या बोटांची कातडी डिझेलनं इतकी जाड झाली होती की गरम पातेलं ते तसंच उचलायचे. बोटांना काही कळणं शक्य नव्हतं. त्यांनी हात काढला आणि हाक मारली.

"बाई. इकडं ये. रेघा कशा हायेत?"

मी वाकले. "पहिल्यात आहेत. दुसऱ्यात आहेत. चौथ्यात आहेत. तिसऱ्यात नाहीत. चमकतोय."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नव्हत्या."

"मंग चांगल्या का म्हनलीस?"

आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तुम्ही स्वतः बघत होता ना, मिस्त्री. मला वाटलं, परीक्षा घेताय. रोजचीच. म्हणून म्हणाले."

क्लचवाला म्हणाला, "बघा! कबूल केलं! काढा तिला, मिस्त्री, मोकळे व्हा."

त्यांना मोकळं होता आलं असतं. गल्लीला गुन्हेगार मिळाला होता, भानुदासलाही पटलं असतं, आणि मी दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी मोरीवर बसले असते. मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

मग म्हणाले, "परीक्षा नव्हती, बाई. मला दिसत नाय. दीड वर्ष झालं. काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, गेलेली नजर परत येत नाय, राहिलेली सांभाळ. कडंनं अंधार हाय सगळा, मदे थोडं धुरकट दिसतं, बारीक कायच नाय." आणि भानुदासकडं वळून म्हणाले, "तुझं इंजिन माझ्यामुळं बिघडलं. तिनं धुतलं ते बरोबर धुतलं. तिला सांगायला पाहिजे व्हतं, मला नाय दिसत म्हनून. लाज वाटली."

क्लचवाला मागं सरकला. मी कडुनिंबाखाली ऑइलच्या बाटल्या ठेवायची तिथं मला कधीकधी थेंबाच्या औषधाच्या छोट्या रिकाम्या कुप्या सापडायच्या. मी त्या फेकून द्यायची. कधी विचारलं नाही.

भानुदास जीपच्या पायरीवर बसला. त्याला घाई होती, जीप बंद म्हणजे चूल बंद. गल्लीत आणखी दोघं रिंगा घालणारे होते, दोघंही तिथंच उभे होते आणि एक तर पुढंही सरकला होता. भानुदासनं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "मिस्त्री, घासायचं उद्या करा. आज तुमचा हात थरथरंल."

मिस्त्री म्हणाले, "नवीन रिंगा मी आणतो."

"ते तर तुम्ही आणालच. पन बाईला नीट बगाय सांगा. का गं बाई, खरं बोलशील ना उद्या?"

मी म्हणाले, "उद्याचं उद्या बघ. तिथं उभा राहा आणि बघ."

दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली उभी होती. मिस्त्रींनी नवे दगड लावले, नाकानं आवाज सुरू केला, तिसरा बोअर घासला, ड्रिल काढलं. "कशा?"

"नाही."

ड्रिल पुन्हा आत गेलं. "आता?"

"खाली आहेत. वर आडव्या. हात वर गेला की हळू होतोय तुमचा."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मिस्त्रींना असं कोणी बोललेलं गल्लीनं ऐकलं नव्हतं. मिस्त्रींच्या मानेची शीर वर आली. मला वाटलं, आता ड्रिल फेकतात. त्यांनी तिसऱ्यांदा घासलं. मी नीट वाकून, बॅटरी लावून, चारी बाजूंनी बघितलं.

"आता आल्या."

"पक्कं?"

"पक्कं. नसतं तर म्हणाले असते?"

ती जीप फुलंब्रीला अजून पळते, कधी भानुदास, कधी त्याचा भाऊ चालवतो. तेव्हापासून मिस्त्रींनी गिऱ्हाईक आलं की आधीच सांगायला सुरुवात केली, "हात माझा, नजर बाईची. चालत असंल तर लाव गाडी, नायतर पुढं जा." पुष्कळ लोक पुढं गेले. काही थांबले. दोन वर्षं आम्ही तसं काम केलं. ते विचारायचे, मी सांगायची. त्या दोन वर्षांत आम्ही जितकं भांडलो तितकं मी नवऱ्याशी अख्ख्या संसारात भांडले नाही. पण मी "नाही" म्हणाले की ते पुन्हा घासायचे. रागानं घासायचे, पण घासायचे.

मग एका उन्हाळ्यात एका डिझेल इंजिनाचा बोअर घासताना मी "नाही" म्हणाले. पुन्हा घासला, पुन्हा नाही. असं सहा वेळा झालं. दर घासणीला बोअर थोडा मोठा होतो, जास्त घासला तर ब्लॉकच वाया. आता नजरेचं कारण नव्हतं. हात थकला होता. एका श्वासात रेघा तिरप्या पडायच्या, पुढच्यात आडव्या. मिस्त्रींनाही ते कळलं होतं. त्यांनी ड्रिल मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "अगदीच नाय का? चालंल असं नाय?"

मला "चालंल" म्हणता आलं असतं. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. ते इंजिन खुलताबादकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जाणार होतं आणि सहा महिन्यांत धूर सोडणार होतं.

मी म्हणाले, "नाही चालणार, मिस्त्री."

ते म्हणाले, "हां."

त्यांनी ड्रिलचे दगड काढले, पुसले, डब्यात ठेवले. मी ब्लॉक धुतला, पुसला, ऑइल लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा आणली, ब्लॉक आत चढवला आणि मला त्याच्या शेजारी बसवलं. चिकलठाण्याकडं एक मोठं वर्कशॉप होतं, तिथं यंत्रानं काम चालायचं. मिस्त्री स्वतः आले नाहीत. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि मला म्हणाले, "तिथल्या मिस्त्रीला सांग, मी पाठवलंय. ब्लॉकबी आणि बाईबी. बाईला कामाला ठिव. आणि सांग, बाई नाय म्हनली तर नाय."

मी विचारलं, "आणि तो हसला तर?"

"हसू दे. बघ आणि सांग."

वर्कशॉपचा मिस्त्री पस्तिशीचा होता, स्वच्छ कपड्यातला. निरोप ऐकून तो खरंच हसला. माझ्या साडीकडं, हातातल्या ब्रशाकडं बघितलं. तरी आमच्या मिस्त्रींचं नाव त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ब्लॉक यंत्रावर घेतला, बोअर घासला, यंत्र बंद केलं आणि गंमत म्हणून मला पुढं बोलावलं.

"बघा मावशी. कसंय काम?"

मी पिशवीतली बॅटरी काढून लावली, वाकले आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. वरच्या काठाला रेघा आडव्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.